शेरा

शिरूरहून सव्वा तास. शेवटचा पल्ला मोटरसायकल ढकलत,
पाटाचं पाणी कुणीतरी रस्त्यावर सोडलं होतं.
चिखलाच्या बुटांनी पोहोचलो, केंद्रप्रमुख म्हणून,
खिशात कार्यालयाचं पत्र:
वीसच्या आत मुलं असतील तर समायोजन.
केवढा सभ्य शब्द. अर्थ, कुलूप.

मी इथलाच. चौथीपर्यंत. मेंढरांमागून आलेला बिरू कोकरे.
काळ्या दगडाच्या भिंती तशाच,
कोनशिलेवरचं साल रंगाच्या हातांखाली बुजलेलं,
आणि देवळाच्या बाजूचं ते दार,
ज्याला कडी होती, पण घातलेली मी पाहिली नाही.

सलोमी कसोटे मुख्याध्यापिका आहेत आता.
त्यांनी चहा विचारला, पत्राचं विचारलं नाही.
टेबलावर जुना हजेरीपट ठेवला, पहिला,
दुष्काळसालातला, कडा वाळवीनं खाल्लेला.
मोडी त्यांनीच वाचून दाखवली:
"मुलगी. नदीपलीकडून आली. नाव विचारले, बोलत नाही."
खाली, महिन्याभरानंतर, वेगळ्या शाईत:
"बोलली. चंद्री."

एस्तेरबाई चक्रनारायण आम्हाला शिकवायच्या.
दुपारी डबे उघडण्याआधी सगळ्यांनी डोळे मिटायचे, आभार मानायचे.
माझे मिटायचे नाहीत. शेजारच्याच्या कालवणाचा वास.
बाईंनी पकडलं. म्हणाल्या,
मिटत नसतील तर उघडेच ठेव बिरू,
पण मग कोणाचा डबा रिकामा आहे ते बघून मला सांग.
तेव्हापासून माझी प्रार्थना तीच,
देव कोणता, हे काही मला नीट ठरवता आलेलं नाही.

ऱ्हस्व-दीर्घाला मात्र बाईंकडे क्षमा नव्हती.
पाप एकदा पोटात घालतील, वेलांटी नाही.

एकदा तपासणी होती. पलीकडच्या वाडीच्या गुरुजींनी
आठवडे बाजारातून उसनी पोरं आणून बसवली होती,
एकाच्या हातात तर शेपूची जुडी.
आमच्या बाईंनी लिहिलं: नऊ गैरहजर, ज्वारीची काढणी.
साहेब लाल झाले. बाईंनी त्यांना कोरा चहा दिला,
आणि तेही खरंच सांगितलं,
साखर परवाच संपली.

आज मी मोजतो.
पहिलीपासून, बोटानं, नावं विचारत.
सतरा.
पुन्हा मोजतो. मोठी पोरं मला हसतात,
त्यांना वाटतं सरांना वजाबाकी येत नाही.
पटावर वीस आहेत, कसोटेबाई म्हणतात,
रोशन, रेणुका आणि त्यांची धाकटी परी
वाघोलीकडे वीटभट्टीवर गेलीत आईबापाबरोबर.
मग जराशानं,
तुम्ही सतराच लिहा, सर. हजर सतराच आहेत.

पेन धरून बसलो.
वीस लिहिलं असतं तर कोण बघणार होतं?
भिंतीवर खुंटी. एस्तेरबाईंची छत्री अडकायची ती.
खुंटी बघणार होती.

ओसरीत गेलो, हात धुवायचं निमित्त.
तिथं ताटांची उतरंड, जेवणाआधी विसळून ठेवलेली.
बाजूला फळीवर वेगळी तीन,
घासून, पालथी.
एकावर खिळ्यानं कोरलेलं: परी,
'प' उलटा.
रोज घासतो, वाढपी मुलगा म्हणाला.
का, असं मी विचारलं नाही.

सतरा लिहिले.
मग शेऱ्याच्या रकान्यात, जिथं मी वर्षानुवर्षं
'समाधानकारक' एवढाच शब्द लिहीत आलोय,
लिहिलं: तीन ताटे रोज घासून ठेवली जातात.
शाळा प्रतिक्षेत आहे.

कसोटेबाईंनी वाचलं. सही केली.
कागद परत देताना थांबल्या,
लाल पेन काढलं, बाईंच्याच वळणाचं,
आणि माझी एक वेलांटी बदलली.

प्रतीक्षेतली 'ती', सर,
दीर्घ असते.